घर विकताना न्हाणीघरातील दांडीचेही सांगा

वाचकहो, आज विषय थोडा वेगळा आहे. डॉक्टरने घराच्या खरेदी-विक्रीवर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण घरातला दोष शेवटी माणसाच्या हाडांवर येतो आणि हाडे घेऊन माणूस आमच्याच दारात येतो. म्हणून हा लेख.

आपल्याकडे घर घेताना लोक बरेच काही पाहतात. कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेतात, पाणी किती वेळ येते ते विचारतात, गच्ची गळते का ते पाहतात. वास्तुशास्त्रवाल्यालाही एकदा घर दाखवून आणतात. न्हाणीघरात मात्र नळ सोडून पाहिला, गिझर आहे ना एवढे विचारले, की पाहणी संपली. कमोडशेजारी भिंतीला चकचकीत स्टीलची दांडी दिसली तर घेणारा खूषच होतो. ‘आमच्या आईसाठी बरीच सोय झाली,’ असे म्हणतो. ती दांडी कोणी बसवली, कशात बसवली आणि माणसाचा भार पेलते का, हे तो विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

आता पुष्कळ घरांत अशा सोयी घरच्या घरीच केलेल्या असतात. वडिलांना अर्धांगवायू झाला, आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, की घरातला मुलगा बाजारातून आधाराची दांडी, भिंतीला दुमडणारे बसायचे फळकूट, खडबडीत पट्ट्या, उंच केलेले कमोडचे सीट असे सामान आणतो. शेजाऱ्याचे ड्रिल मशीन मागतो आणि रविवारी दुपारी सगळे बसवून टाकतो. त्यामागची माया खरी असते, पण मायेने बसवलेला स्क्रू आपोआप पक्का होत नाही. पुढे ते वडील जातात, काही वर्षांनी घर विकले जाते आणि ती दांडी नव्या घरमालकाच्या वाट्याला येते.

न्हाणीघरातच तोल का जातो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक माणसे आपल्यासारख्या मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांतील असतात आणि साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. घरातल्या घरात पडण्याची जी ठिकाणे आहेत, त्यांत न्हाणीघर आणि संडास वरच्या क्रमांकावर आहेत. याची कारणे साधी आहेत.

वय झाले की बसल्याचे उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे अधिक होते. कढत पाण्याने अंघोळ केली की कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आणखी खाली येतो. त्यात मोतीबिंदूमुळे ओली फरशी आणि कोरडी फरशी यातला फरक दिसत नाही. मधुमेह जुना असेल तर तळपायाला फरशीचा अंदाज येत नाही. प्रोस्टेट वाढलेले गृहस्थ रात्रीतून तीन-चार वेळा अर्धवट झोपेत उठतात. अशा वेळी तोल गेला की हात आपोआप शेजारच्या आधाराकडे जातो. तो आधार टिकला तर माणूस वाचतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सावकाश उठताना दांडीवर शरीराचा थोडाच भार येतो. पण पाय घसरला की सारे वजन हिसक्यासह एका क्षणात दांडीवर पडते. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींतील अशा दांड्यांसाठी २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो, इतका भार पेलण्याचा नियम आहे तो याच कारणाने. रोजच्या हलक्या वापरात वर्षभर टिकलेली दांडी त्या एका हिसक्यात निघून येऊ शकते.

एक अनुभव

आमच्या गावातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने पहिल्या मजल्यावरचा जुना फ्लॅट घेतला. न्हाणीघरात दांडी होती, म्हणून बाईंना तो विशेष आवडला. राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका पहाटे कमोडवरून उठताना बाईंचा पाय सरकला. त्यांनी दांडी घट्ट धरली, आणि दांडी दोन टाइल्सच्या तुकड्यांसह त्यांच्या हातात आली. खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन ऑपरेशन करावे लागले. बाई आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. पूर्वी रोज मंडईत स्वतः जाणाऱ्या बाई आज खिडकीतून रस्ता पाहतात.

नंतर सगळे कळले. आधीच्या मालकाने ती दांडी वडिलांसाठी स्वतःच बसवली होती. एकदा ती हललीही होती. तेव्हा त्याने भोकांत पांढरे सिमेंट भरून स्क्रू पुन्हा आवळले होते. त्यानंतर वडील फार दिवस राहिले नाहीत, त्यामुळे दांडीची परीक्षा झालीच नाही. तो माणूस काही लबाड नव्हता. बाईंना पाहायला आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. ‘मला कोणी विचारलेच नाही हो,’ एवढेच तो म्हणत होता.

या वाक्याचा सगळ्यांनीच विचार करावा असे मला वाटते. दांडी नसती तर बाई भिंतीला हात टेकत, सांभाळून उठल्या असत्या किंवा सरांना हाक मारली असती. दांडी दिसली म्हणून त्यांनी विश्वास टाकला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी कशालाच बांधलेली नव्हती. कच्चा आधार हा आधार नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, तो यामुळेच.

वरून का दिसत नाही?

टाइलच्या मागे काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. टाइल साधारण आठ ते दहा मिलिमीटर जाड असते. तिच्या मागे मालाचा थर आणि गिलावा असतो आणि त्यानंतर वीट लागते. दीड इंची स्क्रू बहुधा वीट लागण्याच्या आधीच संपतो. म्हणजे दांडी विटेला न धरता टाइलला धरून उभी असते. टाइलच्या मागे पोकळी असेल तर प्रश्नच मिटला. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधी प्लास्टिकची गिट्टी घट्ट बसत नाही, त्यासाठी वेगळे बोल्ट लागतात.

दुसरा दोष गंजाचा. वरचा भाग स्टीलचा आणि आतले स्क्रू साधे लोखंडी, असे पुष्कळदा होते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ते आतल्या आत खातात. वर टोपी लावलेली असल्यामुळे काही कळत नाही.

तिसरा दोष विजेचा, आणि तो सर्वांत भयंकर आहे. गिझरची वायर भिंतीतून गेलेली असते. ड्रिल करताना तिला धक्का लागला आणि स्क्रू तिला टेकला तर स्टीलच्या दांडीत वीज उतरू शकते. ओल्या अंगाने ती धरणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. भिंतीतील पाण्याच्या पाइपला भोक पडले असेल तर ओल हळूहळू आत मुरत राहते, विटा आणि गिलावा पोखरते आणि शेवटी दांडीच सैल करते.

विकणाऱ्याने काय काय सांगावे?

१) कोणी आणि कधी बसवले – दांडी, फळकूट किंवा सीट घरच्याने बसवले की कारागिराने, आणि अंदाजे कोणत्या साली. ‘मी स्वतः बसवले’ हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही.

२) कशात आणि कशाने बसवले – भिंत विटेची आहे की हलक्या ब्लॉकची, स्क्रू किती लांब होते, गिट्टी घातली की बोल्ट. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असे स्पष्ट सांगावे. तेही उपयोगाचे असते.

३) कधी हलले, निघाले, दुरुस्त केले का – ही माहिती सर्वांत मोलाची आहे. पांढरे सिमेंट, लांबी किंवा चिकटवणीने बुजवलेले भोक घेणाऱ्याला दिसत नाही, ते तुम्हालाच ठाऊक असते.

४) नुसते चिकटवलेले काय आहे – हवेच्या दाबाने किंवा गोंदाने टाइलला चिकटणारी मुठी सामान ठेवायला किंवा नुसता हात टेकायला ठीक. पडणाऱ्या माणसाचा भार त्या घेतीलच याचा भरवसा नसतो. टॉवेल अडकवायच्या दांडीचेही तेच. ती आधाराची दांडी नव्हे, असे जाताना बजावून सांगावे.

५) फरशीला काय केले – घसरू नये म्हणून लावलेला लेप किंवा पट्ट्या किती जुन्या आहेत, ॲसिडने फरशी घासत होता का, पाण्याचा उतार बदलला का, कुठे पाणी साचते का. लेप झिजला की फरशी पुन्हा निसरडी होते, पण दिसायला तशीच दिसते.

६) विजेचे काय केले – रात्रीचा दिवा, हाक मारायची घंटा किंवा गिझरसाठी स्वतः वायर ओढली असेल तर ती कुठून गेली आहे. अर्थिंग आहे का. गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिॲम्पिअरचे उपकरण मुख्य बोर्डात बसवले आहे का.

७) दाराचे काय – आजाऱ्यासाठी कडी बाहेरून उघडेल अशी केली असेल तर ती युक्ती घेणाऱ्याला दाखवावी. कडी बिघडून आतून अडकत असेल तर तेही सांगावे. आत पडलेल्या माणसापर्यंत पोचायला दार अडते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

८) काय काढून नेणार – घर सोडताना दांडी काढून नेणार असाल तर आधी सांगा. काढल्यावर उघडी भोके ठेवू नका, आणि दांडीच्या जागी टॉवेलची दांडी लावून जागा झाकू तर मुळीच नका.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण ढोबळ गोष्ट सर्वांना माहीत असावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकते. करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला कळला नसता, तो दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. असा दोष सांगायचे टाळणे हे कपट आहे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. सैल झालेली दांडी ‘महत्त्वाचा दोष’ ठरते की नाही, हे त्या त्या प्रकरणात न्यायालय ठरवील. पण भिंतीत वीज उतरते किंवा आधार एकदा निघून आला होता हे माहीत असून गप्प बसलेल्या माणसाला ‘मला कोणी विचारले नाही’ हे उत्तर पुरेल, असे धरून चालू नये.

त्याच कायद्याच्या ८ व्या कलमानुसार घराबरोबर कुलपे, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तूही, वेगळे ठरले नसेल तर, घेणाऱ्याकडे जातात. तसेच करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत एखाद्या समजूतदार मालकाप्रमाणे घराची काळजी घेणे हेही विकणाऱ्याचे काम आहे. म्हणून दांडी राहणार की जाणार, हे व्यवहाराच्या बोलणीतच ठरवून घ्यावे. शंका असल्यास आपल्या वकिलांना विचारावे.

‘सांगितले तर भाव पडेल!’

ही भीती मी पुष्कळांकडून ऐकली आहे. लाखोंच्या व्यवहारात दोन दांड्या आणि चार टाइल्स यांच्या दुरुस्तीचा खर्च तो कितीसा? घेणारा यावरून मोडता घालत नाही. उलट जो माणूस दांडीचे खरे सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो.

दुसरे म्हणतात, ‘घेणारे सगळे फोडून नवेच करतात.’ सगळेच करत नाहीत. कर्ज काढून घर घेणारा न्हाणीघराचे काम ‘पुढे बघू’ म्हणून ठेवतो. तोवर त्याची आई त्याच दांडीला धरून उठत असते. आणि दांडीच्या पक्केपणाची खात्री नसेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे. ताबा देण्यापूर्वी ती कारागिराकडून नीट बसवून द्या किंवा काढून भोके बुजवून द्या.

एक चिठ्ठी लिहा

तोंडी सांगितलेले धावपळीत विसरते. म्हणून वहीच्या एका पानावर पुढीलप्रमाणे लिहून, दोघांच्या सह्या करून, एकेक प्रत जवळ ठेवावी :

‘न्हाणीघरातील कमोडच्या उजव्या बाजूची दांडी मी स्वतः अमुक साली बसवली. भिंत विटेची आहे. स्क्रू सुमारे दोन इंची आहेत. एकदा सैल झाली होती, पांढरे सिमेंट भरले आहे. भार पेलेल याची खात्री नाही, तपासून घ्यावी. नळाशेजारची मूठ फक्त चिकटवलेली आहे. गिझरची वायर दाराच्या वरून उजव्या भिंतीत उतरते, तेथे भोक पाडू नये.’

एवढ्या सात-आठ वाक्यांत एखाद्याचे हाड वाचते. ही चिठ्ठी दोषांची कबुली नव्हे. घराबरोबर आपण किल्ल्या देतो, तशीच ही माहितीची किल्ली समजावी.

घेणाऱ्यानेही जागे राहावे

सगळा भार विकणाऱ्यावर टाकून चालणार नाही. घर पाहतानाच वरचे आठ प्रश्न विचारा. दांडीच्या बाजूच्या टाइल्स बोटाच्या पेराने ठोकून पाहा, भद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. दांडीच्या बुडाशी गंजाचा तांबूस ओघळ, चीर किंवा नवे पांढरे सिमेंट दिसले तर शंका घ्या. पण तिला लोंबकळून परीक्षा घेऊ नका. तपासणी करणाराच दवाखान्यात यायचा!

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात वायरमन आणि गवंडी यांना बोलावून भिंतीतील वायर व पाइप कुठून गेले आहेत ते पाहून घ्या, आणि दांड्या विटेपर्यंत पोचणाऱ्या न गंजणाऱ्या बोल्टने पुन्हा बसवा. दांडी मुठीत पूर्ण मावेल अशी, साधारण सव्वा ते दीड इंच जाडीची असावी, आणि भिंतीपासून दीड इंच अंतर ठेवावे, म्हणजे बोटे नीट जातील पण कोपर अडकणार नाही. हे होईपर्यंत दांडीला लाल फडके बांधून ठेवा आणि घरातील वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगा, ‘ही धरायची नाही.’

आणि तरीही कोणी पडले तर

घाईने ओढून उभे करू नका. आधी वीज गळतीची शंका असेल तर मुख्य बटण बंद करा, मगच हात लावा. पडलेला पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल किंवा जांघेत कळ येत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्या. अशा माणसाला चालवू नका, मालीश करू नका, पाय ओढून सरळ करू नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून आडवेच न्या. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते, म्हणून तोंडाने काही खायला देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरून बरे दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला छातीत कफ साठणे, पाठीला जखमा होणे, पायात रक्ताची गाठ होणे असे एकामागून एक त्रास सुरू होतात. कित्येक जण वर्षही काढत नाहीत. जे उठतात, त्यांच्यातही पहिल्यासारखे हिंडणारे थोडेच.

तेव्हा ज्यांचा घर विकण्याचा विचार चालू असेल, त्यांनी आज संध्याकाळी न्हाणीघरात जाऊन एकदा भोवती पाहावे. आपल्या हाताने काय काय बसवले ते आठवावे आणि कागदावर उतरवावे. आपण घर सोडून जातो, पण तिथे उद्या कोणाची तरी आई अंघोळीला जाणार असते.

(पुढील आठवड्यात : बसल्याचे उठताना चक्कर का येते?)